ब्रसेल्स स्प्राउट्स कडू, उग्र वासाचे किंवा गिच्च होत असतील तर दोष कुठे शोधावा

ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीच्या लहानशा गड्ड्यांसारखी दिसणारी भाजी, बिघडल्याची तक्रार माझ्याकडे वर्षातून पाच-सात वेळा तरी येते आणि सांगणारा दर वेळी ती अगदी नवी असल्यासारखी सांगतो. पाककृती जशीच्या तशी पाळलेली असते, लसूण-मिरी सढळ हाताने घातलेली असते, आणि तरीही जेवण संपल्यावर भांड्यात नेमके तेवढेच तोंडीलावणे उरलेले असते. मी स्वतःही पहिली दोन वर्षे ही भाजी नेमाने बिघडवत होते, त्यामुळे खाली लिहिलेली बहुतेक प्रत्येक चूक माझ्या हातून होऊन गेलेली आहे. इतक्यांदा निस्तरल्यावर माझे मत असे झाले आहे की दोष मसाल्यात क्वचितच असतो. गड्ड्यांवरची ओल आणि आचेवरचा वेळ या दोन गोष्टी हाताबाहेर गेल्या, की वरून चीज घाला नाहीतर मध, आतला बिघाड तसाच राहतो.

पुढची तपासणी फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टींपासून सुरू होऊन ओव्हनपर्यंत जाते. हा क्रम शक्यतो मोडू नये. ओव्हन दुरुस्त करून घेतल्यानंतर खरा दोष ओल्या गड्ड्यांचा होता हे लक्षात आले, तर गेलेले पैसे परत मिळत नाहीत.

लक्षणे

‘बिघडली’ एवढ्या वर्णनावरून काही ठरवता येत नाही. कशी बिघडली हे आधी नीट पाहावे, कारण प्रत्येक लक्षणाचे मूळ वेगळे असते.

झाकण उघडताच खूप वेळ उकडलेल्या अंड्यासारखा उग्र वास येतो, रंग हिरवा न राहता मळकट खाकी झालेला असतो आणि बोटाने दाबले की पाने एकमेकांवरून घसरतात. हे जास्त शिजल्याचे लक्षण आहे आणि सर्वांत जास्त तक्रारी याच्याच असतात.

रंग आणि आकार उत्तम टिकलेला असतो, पण घास गिळल्यावर कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. येथे गाभा कच्चा असेल, माल जुना असेल, वाणच कडसर असेल किंवा खाणाऱ्याची जीभ तशी असेल. हे लक्षण सोडवायला सर्वांत अवघड आहे.

ओव्हनमधून काढलेल्या गड्ड्या फिकट, सुरकुतलेल्या आणि ओलसर दिसतात आणि ट्रेच्या तळाशी तेलमिश्रित पाणी साठलेले असते. ही भाजी भाजलेली नसून ट्रेमध्ये वाफवलेली असते.

बाहेरची पाने कोळशासारखी काळी होतात, पण बुडख्यात सुरी शिरत नाही. आच, आकार किंवा वरून घातलेला गोड पदार्थ यांपैकी एक चुकलेले असते.

शेवटचे लक्षण साधे आहे. सगळे दिसायला आणि चावायला ठीक असते, पण चव सपक लागते. कडेच्या गड्ड्या खरपूस आणि मधल्या ओल्या, अशी दोन लक्षणे एकाच ट्रेमध्ये दिसली तर मात्र मीठ-मसाल्याचा विचार सोडून थेट गर्दीच्या तपासणीकडे जावे.

पहिली तपासणी: मीठ, आंबट आणि स्निग्ध

शिजलेल्या भाजीतून तीन तुकडे बाजूला काढावेत. एक तसाच खावा, दुसऱ्यावर चिमूटभर मीठ घालावे, तिसऱ्यावर मीठ आणि दोन थेंब लिंबाचा रस. तिसरा तुकडा आवडला तर शोध येथेच संपला. मीठ केवळ खारटपणासाठी नसते. ते कडूपणाची जाणीवच दाबते, त्यामुळे मीठ कमी पडलेली भाजी सपक तर लागतेच, पण आहे त्यापेक्षा अधिक कडूही लागते. ५०० ग्रॅम गड्ड्यांना साधारण पाऊण छोटा चमचा बारीक मीठ आणि दोन मोठे चमचे तेल हे माझे प्रमाण आहे, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी याच्या निम्मेही घातलेले नसते. तेलाच्या बाबतीत काटकसर केली तर आणखी एक तोटा होतो. गड्डी आणि तापलेला धातू यांच्यातील बारीक फट तेलानेच भरून निघते आणि ती भरली नाही तर उष्णता ठिपक्याठिपक्यांनीच पोहोचते.

लिंबू किंवा व्हिनेगर मात्र नेहमी आचेवरून उतरवल्यावरच घालावे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ते निसटते आणि हिरवा रंग खाकी होतो.

दुसरी तपासणी: घड्याळ

येथे थोडे सविस्तर लिहिते, कारण अर्ध्याहून अधिक दुरुस्त्या याच पायरीवर झालेल्या आहेत. ब्रसेल्स स्प्राउट्स ही कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल यांच्याच जातीची वनस्पती आहे. फरक इतकाच, की येथे शेंड्याला एक मोठा गड्डा न धरता उंच खोडावर पानांच्या बगलेत लहान लहान कळ्या धरतात, आणि आपण खातो ती गड्डी म्हणजे अशी एक घट्ट कळी. या सगळ्या कुळात गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे असतात. गड्डी शाबूत असेपर्यंत ती शांत असतात. सुरी चालली किंवा पान चिरडले, की पेशींमधले मायरोसिनेज नावाचे विकर त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि मोहरीसारखा झणका असलेले पदार्थ तयार होतात. शिजवल्यावर विकर निकामी होते. येथवर सर्व ठीक असते. पण शिजल्यानंतरही आच चालूच ठेवली, तर गंधकाची संयुगे आणखी तुटत जातात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू बाहेर पडू लागतात. अंड्याचा म्हणून जो वास ओळखू येतो तो हाच. म्हणजे नाकाला झोंबणारा वास भाजीत मुळातून नसतो. तो आपण अधिकच्या पाच-सहा मिनिटांत तयार करतो.

अर्ध्या केलेल्या गड्ड्या भरपूर उकळत्या, खारवलेल्या पाण्यात चार ते पाच मिनिटांत होतात, अख्ख्या असतील तर सात-आठ मिनिटांत. वाफेवर अर्ध्या गड्ड्यांना सहा-सात मिनिटे लागतात. ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सियसला अर्ध्या गड्ड्या १८ ते २५ मिनिटांत तयार होतात. हे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच आहेत. खरी परीक्षा सुरीची. सुरीचे टोक बुडख्यात खुपसावे. ते किंचित अडत पण सहज आत गेले पाहिजे. लोण्यात गेल्यासारखे गेले तर उशीर झालेला असतो.

पाण्यातून काढलेल्या गड्ड्या चाळणीत ढीग करून ठेवल्या तर त्या आतल्या उष्णतेवर शिजतच राहतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. लगेच वाढायच्या नसतील तर त्या बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून निथळाव्यात. उकळताना भांड्यावर झाकण ठेवू नये, कारण भाजीतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर उडून जायला हवीत आणि झाकण त्यांना परत भांड्यात ढकलते.

दोन घरगुती उपायांविषयी मला नेहमी विचारले जाते. पहिला म्हणजे पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. त्याने रंग हिरवागार राहतो हे खरे, पण भाजीचा आकार धरून ठेवणारे पेक्टिन व इतर घटक अल्कधर्मी पाण्यात लवकर विरघळतात आणि गड्डीचा लगदा होतो, शिवाय साबणासारखी चव मागे राहते. दुसरा उपाय बुडख्यावर फुलीसारखी चीर देण्याचा. बुडखा लवकर शिजावा असा त्यामागचा हेतू आहे, परंतु त्या चिरेतून गाभ्यात पाणी शिरते आणि भाजी पाणचट होते. बुडखा शिजत नसेल तर गड्डी सरळ अर्धी कापावी. फुलीची प्रथा मी तरी केव्हाच सोडून दिली आहे.

तिसरी तपासणी: ओल

पाणी १०० अंशांवर उकळते आणि खरपूस तपकिरी रंग येण्याची क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. गड्डीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्या जागेचे तापमान १०० च्या वर जाऊच शकत नाही. ओव्हनचे बटण कितीही फिरवले तरी आधी पाणी उडेल, मग रंग येईल, आणि तोपर्यंत आतली भाजी गरजेपेक्षा जास्त शिजून उग्र झालेली असेल.

तपासायची पद्धत सोपी आहे. धुऊन, कापून तयार ठेवलेल्या गड्ड्यांपैकी एक चिमटीत धरावी आणि तिची कापलेली बाजू कोरड्या कागदी रुमालावर हलकेच टेकवून उचलावी. पानांच्या चकल्यांची ओली नक्षी कागदावर स्पष्ट उमटली, तर भाजी अजून भाजायला तयार नाही. पुसट डाग चालेल. सुती पंचावर पसरून, दुसऱ्या पंचाने थोपटून, दहा मिनिटे पंख्याखाली ठेवल्यास बहुतेक वेळा काम होते.

गड्ड्या नेहमी अख्ख्या असतानाच धुवाव्यात आणि मग कापाव्यात. कापल्यावर धुतल्या तर पाणी पानांच्या पदरांमध्ये अडकते आणि ते बाहेरून कितीही पुसले तरी निघत नाही. एका परिचितांच्या घरी सलग तीन वेळा ट्रेमध्ये पाणी साठत होते. त्यांनी तेल बदलले, ट्रे बदलला, तापमान वाढवले. चौथ्या वेळी मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसती पाहत होते. त्यांनी गड्ड्या कापल्या, भांडेभर पाण्यात घातल्या, ‘कीड असते हो आत’ म्हणून पंधरा मिनिटे तशाच ठेवल्या आणि चाळणीतून थेट ट्रेवर ओतल्या. किडीची शंका रास्त आहे. पण त्यासाठी अख्ख्या गड्ड्या मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात, बाहेरची दोन सैल पाने काढून टाकावीत आणि कापताना आत पाहावे.

चौथी तपासणी: गर्दी आणि मांडणी

ट्रेवर गड्ड्या एकाच थरात आणि एकमेकींमध्ये बोटभर जागा सोडून असाव्यात. ओव्हनमध्ये भाजीतून सतत वाफ निघत असते. गड्ड्या एकमेकींना चिकटून बसल्या की ती वाफ शेजारच्या गड्डीवर बसते. ५०० ग्रॅम भाजीला घरगुती ओव्हनचा एक मोठा ट्रे पूर्ण लागतो. किलोभर असेल तर दोन ट्रे घ्यावेत आणि अर्ध्या वेळेनंतर वरखाली बदलावेत. उंच कडांचे खोलगट भांडे या कामाला निरुपयोगी असते, कारण त्याच्या भिंती वाफ कोंडून ठेवतात.

कापलेली सपाट बाजू खाली. हे वाक्य मी इतक्यांदा सांगितले आहे की आता मला स्वतःलाच कंटाळा येतो, तरी सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. सपाट बाजू पूर्ण टेकते आणि तिला तापलेल्या धातूची थेट आच मिळते, गोल पाठीला मात्र केवळ गरम हवा मिळते. ओव्हन तापत असताना ट्रे आतच ठेवावा आणि तेल-मीठ चोळलेल्या गड्ड्या त्या तापलेल्या ट्रेवर पालथ्या मांडाव्यात. पहिली गड्डी टेकताच चर्र असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर ट्रे परत आत टाकून पाच मिनिटे थांबावे. त्यानंतर पंधरा मिनिटे भाजीला हात लावू नये. अधूनमधून हलवण्याचा मोह होतो, पण प्रत्येक हलवण्याबरोबर धरत आलेला रंग मोडतो.

एअर फ्रायरमध्ये हवा सर्व बाजूंनी फिरत असल्यामुळे मांडणीची शिस्त थोडी सैल चालते, गर्दीची मात्र नाही. १९० अंशांना १२ ते १५ मिनिटे, मध्ये एकदा टोपली हलवून, आणि टोपली अर्ध्याहून जास्त न भरता.

पाचवी तपासणी: वरून घालायच्या वस्तूंची वेळ

करपल्याच्या तक्रारी बहुधा येथे येऊन थांबतात. मध, साखर किंवा गोड सॉस सुरुवातीलाच घातला तर भाजी शिजायच्या आत तो जळतो आणि जळक्या साखरेचा कडूपणा भाजीच्या नावावर जातो. गोड पदार्थ शेवटच्या चार-पाच मिनिटांत किंवा उतरवल्यावर घालावा. बारीक चिरलेल्या लसणाचेही तसेच आहे. अख्ख्या, सालासकट पाकळ्या मात्र सुरुवातीपासून चालतात. भाजलेले बदाम-अक्रोड, मोहरीची पेस्ट, किसलेले चीज, लिंबाची साल हे सगळे आचेबाहेर. सुटी झालेली बाहेरची पाने गड्ड्यांच्या कितीतरी आधी काळी होतात, म्हणून ती वेगळी काढून शेवटच्या सहा-सात मिनिटांत ट्रेवर टाकावीत. ती कुरकुरीत होतात आणि आमच्याकडे गड्ड्यांच्या आधी तीच संपतात.

सहावी तपासणी: माल

आतापर्यंतच्या तपासण्यांना वेळ लागला, पैसे लागले नाहीत. येथे नवी भाजी आणावी लागेल.

गड्डी हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड आणि दाबल्यावर टणक लागावी. बुडख्याचा काप पांढरट असावा. तो तपकिरी व सुकलेला असेल, पाने पिवळी पडली असतील किंवा दाबल्यावर गड्डी पोकळ वाटली, तर भाजी जुनी आहे. साठवणीत उग्रपणा वाढत जातो, म्हणून आणल्यावर तीन-चार दिवसांत वापरणे उत्तम. ती न धुता, फ्रिजमध्ये, पिशवीत सैल बांधून ठेवावी आणि सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी होतात. बुळबुळीत झालेल्या किंवा बुरशी धरलेल्या गड्ड्या वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. त्या टाकून द्याव्यात.

आकाराकडेही पाहावे. सुपारीएवढ्या आणि लिंबाएवढ्या गड्ड्या एकाच ट्रेवर असतील, तर लहान करपेपर्यंत मोठ्यांचा बुडखा कच्चाच राहणार. लहान गड्ड्या अर्ध्या, मोठ्या चौथाई, असे कापून सर्व तुकड्यांची जाडी जवळपास सारखी करावी. बुडख्याचा सुकलेला भाग तेवढाच काढावा. जास्त खोल कापला तर पाने सुटतात.

कडूपणात वाणाचा आणि हवामानाचाही वाटा असतो. थंडी पडली की हे झाड पानांत साखर साठवते, त्यामुळे कडाक्याची थंडी सोसलेल्या पिकाच्या गड्ड्या गोडसर लागतात. १९९०च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन या दोन ग्लुकोसिनोलेटांचा कडूपणाशी संबंध दाखवून दिला आणि त्यानंतर बियाणे तयार करणाऱ्यांनी जुन्या, कमी कडू वाणांशी संकर करून नवी वाणे आणली. म्हणूनच लहानपणी ही भाजी नकोशी झालेल्या व्यक्तीने आज पुन्हा एकदा चाखून पाहायला हरकत नाही.

माल कडूच निघाला आणि दुसरा मिळण्यासारखा नसेल, तर एक उपाय आहे. ग्लुकोसिनोलेट पाण्यात विरघळतात. अर्ध्या गड्ड्या भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालाव्यात, ते पाणी टाकून द्यावे, गड्ड्या पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मग भाजाव्यात. थोडी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात, पण भाजी खाल्ली जाते.

गोठवलेल्या गड्ड्यांविषयी थोडक्यात. त्या गोठवण्याआधीच उकळत्या पाण्यातून काढलेल्या असतात आणि बर्फाच्या कणांनी त्यांच्या पेशी फाटलेल्या असतात, त्यामुळे ताज्या भाजीसारखा टणकपणा त्यांच्याकडून अपेक्षू नये. त्या वितळवू नयेत. २३० अंशांच्या तापलेल्या ट्रेवर गोठलेल्याच पसराव्यात, पहिली दहा मिनिटे तेलाशिवाय, म्हणजे वरचा बर्फ उडून जाईल, आणि मग तेल-मीठ लावून रंग येईपर्यंत भाजाव्यात. उकडून खायला गोठवलेली भाजी मला कधीच आवडलेली नाही.

सातवी तपासणी: तव्यावरची चाचणी

इतके करूनही ओव्हनमधली भाजी बिघडत असेल, तर दोष भाजीचा की ओव्हनचा हे ठरवण्यासाठी त्याच पिशवीतल्या तीन गड्ड्या घ्याव्यात. त्या अर्ध्या करून बिडाच्या तव्यावर एक छोटा चमचा तेल टाकून मध्यम आचेवर पालथ्या ठेवाव्यात. पाच मिनिटे न हलवता खालची बाजू गडद तपकिरी होऊ द्यावी, मग एक मोठा चमचा पाणी शिंपडून लगेच झाकण ठेवावे आणि दोन-तीन मिनिटांनी झाकण काढून उरलेले पाणी उडू द्यावे. खालच्या बाजूला रंग येतो आणि झाकणाखालच्या वाफेने बुडखा शिजतो, तेही दहा मिनिटांच्या आत.

या सहा अर्ध्या गड्ड्या चांगल्या लागल्या, तर भाजी निर्दोष आहे आणि संशय ट्रेवर किंवा ओव्हनवर जातो. त्याही कडू लागल्या तर ओव्हनच्या मागे लागण्यात अर्थ नाही, सहाव्या तपासणीकडे परत जावे. कित्येक जणांनी ही चाचणी केल्यावर ओव्हनचा नादच सोडला आणि कायमचा तवा धरला. चार माणसांपुरते तोंडीलावणे करायचे असेल तर मीही तवाच घेते.

आठवी तपासणी: ट्रे आणि ओव्हनचे खरे तापमान

आधी ट्रे. गडद रंगाचा, जड धातूचा ट्रे चकचकीत पातळ ट्रेपेक्षा लवकर रंग देतो. सिलिकॉनची चटई उष्णता अडवते, त्यामुळे या कामासाठी ती काढून ठेवावी. बेकिंगचा कागद चालतो, पण त्याच्या वेष्टनावर लिहिलेली तापमानाची मर्यादा पाहून. पातळ ट्रे तापल्यावर ‘टण्ण’ आवाज करून वाकत असेल, तर तेल एका कोपऱ्यात जमा होते आणि बाकीच्या गड्ड्या कोरड्या राहतात.

मग तापमान. बटणावरचा आकडा म्हणजे आतले तापमान असे गृहीत धरण्याची चूक मीही बरीच वर्षे केली. ओव्हनमध्ये टांगायचा स्वतंत्र तापमापक मधल्या जाळीवर लावावा, बटण २०० वर ठेवावे आणि अर्ध्या तासानंतर दार न उघडता काचेतून दर पाच मिनिटांनी चार-पाच वेळा आकडा पाहावा. थर्मोस्टॅट आच चालू-बंद करीत असल्यामुळे आकडा वरखाली होणारच. सरासरी घ्यावी. फरक १०-१५ अंशांचा असेल तर तेवढे बटण पुढे-मागे करून भागते. पंख्याच्या ओव्हनमध्ये पाककृतीत दिलेल्या तापमानापेक्षा साधारण २० अंश कमी ठेवावे लागते, हेही ध्यानात घ्यावे. माझ्या जुन्या ओव्हनमध्ये बटण २२० वर आणि तापमापक १७५ वर असे दृश्य मी पाहिले आणि दोन वर्षांच्या फिकट, ओलसर भाजीचा उलगडा त्या काचेतून झाला.

आच एकसारखी पसरते का, हे पाहण्यासाठी रिकाम्या जाळीवर पांढऱ्या पावाचे काप कडेकडेने लावून १८० अंशांना भाजावेत. जेथे काप आधी काळवंडले ती जास्त आचेची जागा. त्याप्रमाणे ट्रे मध्येच एकदा फिरवायचा की नाही ते ठरते.

कोठे थांबावे

तापमापकाचा फरक ३० अंशांहून जास्त असेल, आच बंद न होता आकडा चढतच राहत असेल, दाराच्या रबरी पट्टीतून गरम हवेचा झोत लागत असेल किंवा वरची-खालची कॉइल तापत नसेल, तर घरच्या घरी खटपट करू नये. तंत्रज्ञ बोलवावा. ओव्हन लावताच वीज खंडित होत असेल, ओव्हनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, वायर जळल्याचा वास येत असेल किंवा दाराची काच तडकली असेल, तर तो येईपर्यंत मुख्य स्विच बंद ठेवावा आणि तेवढ्या दिवसांत भाजी तव्यावर करावी. गॅसच्या ओव्हनमध्ये गॅसचा वास आला तर पुरवठ्याची तोटी बंद करावी, खिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणालाही हात लावू नये आणि बाहेर जाऊन फोन करावा. थर्मोस्टॅट उघडून पाहण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही, माझ्या घरी तो मीही कधी उघडलेला नाही.

ओव्हन ठीक, भाजी ताजी, रंग सुरेख आणि घरातल्या तिघांना ती आवडते, पण चौथ्याला प्रत्येक वेळी कडूच लागते, अशी स्थिती असेल तर स्वयंपाकात आणखी दुरुस्ती करण्यासारखे काही उरलेले नाही. कडू चवीची जाणीव करून देणाऱ्या टीएएस२आर३८ या जनुकाची रूपे माणसामाणसांत वेगळी असतात आणि काही जणांना या कुळातल्या भाज्यांतला कडूपणा इतरांपेक्षा कितीतरी तीव्र जाणवतो. त्यांना नखरे करणारे ठरवू नये. त्यांच्या वाट्याला आधी पाण्यातून काढून घेतलेल्या, जास्त तेल-मिठात खरपूस केलेल्या गड्ड्या द्याव्यात, आणि तरी नको म्हटले तर आग्रह करू नये.

राहिला डॉक्टरांचा विषय. ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते रक्त गोठण्याच्या क्रियेत भाग घेते. घरात कोणी वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल, तर ही भाजी अचानक रोज सुरू करण्याआधी किंवा रोजची एकदम बंद करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे, कारण अशा औषधाची मात्रा रुग्णाचा नेहमीचा आहार धरून ठरवलेली असते. थायरॉइडचे उपचार चालू असणाऱ्यांनीही ती कच्ची, कोशिंबिरीसारखी मोठ्या प्रमाणात खाण्यापूर्वी विचारून घ्यावे. पोटात वायू धरणे ही मात्र साधी गोष्ट आहे. या भाजीतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला चार-पाच अर्ध्या गड्ड्या वाढाव्यात आणि सोसल्या तर पुढच्या वेळी वाढवाव्यात. पोटदुखी दर वेळी होत असेल किंवा वाढत चालली असेल, तर पाककृती बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे.